दोन नंबरच्या शेडमधली हळद

अप्पा, पंप चालू करताना आधी कुठला व्हॉल्व्ह उघडायचा हे तुम्ही मला चार वेळा दाखवलं होतं, आणि चारही वेळा माझं लक्ष दुसरीकडं होतं. तुम्ही दाखवत होतात आणि मी मनात म्हणत होते, अप्पा आहेत ना, मग मला कशाला हवं. परवा सुगंधानं आणि मी मिळून पंप चालू केला तर पाणी शेडमध्ये यायच्या ऐवजी मागच्या गटारीत गेलं. अर्धी टाकी रिकामी होईपर्यंत आमच्या लक्षातसुद्धा आलं नाही. सुगंधा तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. पाण्यासाठी रडत नव्हती, ते आम्हा दोघींना कळत होतं. मी तिच्यावर ओरडले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, रडू आलं की मी ओरडते.

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. गावात लोक म्हणतात, बंद सूतगिरणीचा म्हातारा वॉचमन गेला. तेवढ्यावर विषय संपतो. त्यात खोटं काही नाही. गिरणी पंधरा-सोळा वर्षं बंद आहे, तुम्ही म्हातारे होतात आणि गेटवर स्टूल टाकून बसायचात. पण त्या गिरणीच्या दोन नंबरच्या शेडमध्ये गेली चार वर्षं भर उन्हाळ्यात मेथी आणि शेपू उगवत होता, आणि तो ज्याच्या हातच्या हवेवर उगवत होता तो माणूस गेला, हे मी कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही वाचणार नाही हे ठाऊक आहे. तसंही माझं लिहिलेलं तुम्ही कधी वाचलं नाहीत. मी केलेले तक्ते तुम्ही भिंतीवर नीट चिकटवायचात आणि त्यांच्याकडं पाठ करून बसायचात.

पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही मला आत सोडलं नव्हतं. त्या वर्षी माकणीच्या धरणाचा तळ दिसत होता, नळ बारा-पंधरा दिवसांनी यायचा, आणि माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांतलं एकूण एक रोप करपून गेलं होतं. मोठ्या शहरांतून बंद कारखान्यांच्या आत भाजी पिकवतात, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं वाचलं की करून बघायची खाज. भर दुपारी स्कूटीवरून गेटवर आले आणि म्हटलं, आत एकदा बघू द्या. तुम्ही स्टुलावरून उठलासुद्धा नाहीत.

"आत काय हाय बघायला? भंगार हाय आन म्या हाय," म्हणालात.

मी म्हटलं, मला दोघांचंही काम आहे. तुमची मिशी जराशी हलली, पण कुलूप काही निघालं नाही. परवानगीचा कागद आणा, म्हणालात. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, पण तेव्हा फार राग आला होता.

कागद आणायला मला पाच महिने लागले. बंद गिरणीचा कारभार सरकारी कार्यालयाकडं, आणि कार्यालय धाराशिवला. चार खेपा झाल्यावर एका पानाचं पत्र मिळालं. दोन नंबरची रिकामी शेड भाजीपाल्याच्या प्रयोगासाठी तात्पुरत्या स्वरूपात, पुढील आदेशापर्यंत वापरण्यास हरकत नाही. मी ते पत्र मोठ्या थाटात तुमच्यासमोर धरलं. तुम्ही चष्मा लावून तीनदा वाचलंत आणि 'पुढील आदेशापर्यंत' या शब्दांवर बोट ठेवलंत. हे वाचलं का, असं विचारलंत. मी म्हटलं, अहो अप्पा, सरकारी कागदावर ते असतंच, माझ्या नोकरीचा पहिला आदेशही असाच होता, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तुम्ही कागदाची घडी घालून मला परत दिलीत आणि कुलूप काढलंत.

आत पाऊल टाकलं आणि मी गप्प झाले, हे माझ्या बाबतीत क्वचित होतं. मशिनं केव्हाच उचलून नेली होती, फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग तेवढे उरले होते. पण उजेड! बाहेर उन्हानं डोळे उघडवत नव्हते आणि आत सगळीकडं सारखा, मऊ उजेड. तुम्ही वर बोट दाखवलंत. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं आणि काचा सगळ्या उत्तरेला. थेट ऊन आत येऊ नये आणि दिवसभर धागा दिसायला उजेड मात्र कमी पडू नये, म्हणून गिरण्यांची छपरं मुद्दाम अशी बांधतात, हे विज्ञानाच्या बाईला गेटवरच्या माणसानं शिकवलं. मग तुम्ही भिंतीतल्या हवेच्या जाळ्या दाखवल्या. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून बाहेरची हवा पाण्याच्या फवाऱ्यातून ओढून आत सोडायची, तो प्लँट तुम्ही चोवीस वर्षं चालवला होता. त्यातला एक पंखा आणि एक पंप तुम्ही अजून तेलपाणी करून जिता ठेवला होता. कुणासाठी, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, गंजू नये म्हणून.

आणि ती धुळीची खोली. गिरणीच्या पोटात, जमिनीखाली, कापसाची सगळी धूळ आणि तूस जाऊन साठायचं ती. दार उघडताना तुम्हाला लाज वाटत होती. शेवटी साफ करायची राहून गेली, म्हणालात. दहा-बारा वर्षं छपरातून गळलेलं पाणी पिऊन तो सगळा कापूस काळाभोर झाला होता. मी वाकून मूठभर उचलला, वास घेतला आणि तुमच्या हातात दिला. तुम्ही जन्मानं कर्नाटकातल्या आळंदकडच्या कोरडवाहू रानातले. तुम्ही तो मातीसारखा चुरगळून बघितलात आणि तोंडून कानडी निघालं. काय म्हणालात ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तुम्ही बॉबिनच्या जुन्या प्लास्टिकच्या पेट्यांना तळाशी भोकं पाडत बसला होतात.

पहिली मेथी आपण मारली. आपण म्हणजे गिरणीच्या माणसांनी, मी त्यात नाही, हे मी तुम्हाला चार वर्षं ऐकवत आले. सुगंधा आणि रजियाभाभी दोघी गिरणीच्या रीलिंग खात्यातल्या, सुताच्या लडी बांधणाऱ्या. तुम्हीच त्यांना घरून बोलावून आणलं होतंत. तिघांनी शेड लख्ख केली, पेट्या भरल्या, मेथी टाकली, प्लँट चालू केला आणि सवयीनं एकूण एक खिडकी, झडप, दार घट्ट लावून घेतलं. रजियाभाभीनं तर दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. वाऱ्यानं सूत तुटतं ना! हाताला लागलेली सवय ती. मी शाळेच्या परीक्षांत अडकले होते. आठ दिवसांनी आले तर आत घामोळं यावं अशी हवा, आणि मेथी बुडाशी काळी पडून आडवी झोपलेली. तुम्ही तिघं ओळीनं उभे होतात, वर्गात शिक्षा झालेल्या पोरांसारखे. मी म्हटलं, अहो, हे सूत नाही, याला वारा लागतो. सुगंधा म्हणाली, "बाई, वाऱ्यानं मोडंल वाटलं ओ."

मी हसत सुटले. तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला ते लागलं होतं, आणि पुढच्या दोन महिन्यांत तुम्ही ती हवा अशी काही बसवलीत की त्यानंतर एक पेटी वाया गेली नाही. माझा ओलावा मोजायचा मीटर एकीकडं आणि तुमचा उघडा हात एकीकडं. शेडच्या मध्यभागी उभं राहून तुम्ही बाही वर सारायचात, डोळे मिटायचात, आणि मनासारखं झालं की म्हणायचात, "साकु." म्हणजे बास. सुगंधा पंखा बंद करायची. मी मीटर बघायचे, तर रोज हवा तितकाच आकडा. मला आनंद व्हायच्या ऐवजी चिडचिड व्हायची. हे लिहून ठेवू या अप्पा, मी म्हणायचे, किती वाजता, किती वेळ, कुठली झडप किती उघडी. लोकांसमोर तुम्ही मला बाई म्हणायचात आणि समजूत घालायची असली की अव्वा, तुमच्या कानडीतली आई. "हवा रोज येगळी हाय अव्वा, काय लिवणार? हात वर करून हुबं ऱ्हावा, आपोआप कळतंय." मी कधी हात वर करून उभी राहिले नाही. मला ते हास्यास्पद वाटायचं. परवा राहिले. काहीच कळलं नाही, नुसता हात भरून आला.

मे महिन्यात बाजारात हिरवं पान दिसत नसे तेव्हा सकाळी सातला आपल्या गेटवर बायका उभ्या असायच्या, हे मी विसरणार नाही. ज्या स्टुलावर बसून तुम्ही माणसांना आत सोडत नव्हतात त्याच स्टुलावर बसून आता तुम्ही भाजी देत होतात. प्रत्येकीला आधी भाकरी कशाची हे विचारायचात आणि मग तिला मेथी द्यायची का शेपू, ते तुम्हीच ठरवायचात. तिला काय हवं याला काही किंमत नव्हती. मी म्हणायचे, अप्पा, लोकांना निवडू द्या. तुम्ही म्हणायचात, त्यास्नी काय कळतंय. आणि स्वतः मात्र शेपूच्या वासानं नाक मुरडायचात. आमच्या घरी जेवायला आलात तेव्हा मी मुद्दाम शेपू केला होता, तो तुम्ही माझ्या मिस्टरांच्या ताटात कसा सरकवलात ते मी बघितलं होतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

एकदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तुम्ही मला गिरणीचा रिवाज सांगितला होता. नवमीला मशिनांची पूजा. पण भरल्या मशिनाची पूजा करायची नाही. दोन दिवस आधीपासून पहिल्या खात्यात कापूस घालणं बंद करायचं. मग आत जे असेल ते पुढं पुढं सरकतं, एकामागून एक मशीन रिकामं होत जातं, शेवटचं सूत बॉबिनवर चढून उतरतं, आणि मग मशीन पुसून त्याला गंध-फूल वाहायचं. धागा अर्धा ठेवून मशीन थांबवायचं नाही. गिरणी बंद पडली त्या दिवशी मात्र सकाळच्या पाळीची माणसं आली तर गेटला कुलूप. आत सगळ्या मशिनांवर बॉबिनी अर्ध्या भरलेल्या तशाच. मशिनं उचलून नेईपर्यंत सात वर्षं तुम्ही त्या रोज बघत होतात.

"गिरणी बंद पडली त्याचं काय न्हाय, पडत्यात गिरण्या," तुम्ही म्हणालात. "पर माल उतरू द्यायचा व्हता. आदी सांगायचं व्हतं."

मी तेव्हा पुढच्या लावणीचा विचार करत होते. तुमच्या बोलण्यावर मान हलवली आणि दुसरं काहीतरी विचारलं.

या वर्षी पाडव्यानंतर तुम्ही बदललात. म्हणजे आता मागं बघताना तसं वाटतं, तेव्हा तुम्ही मला फक्त अडून बसलेले दिसत होतात. अळूचे कंद लावू म्हटलं, नको. आलं लावू म्हटलं, नको. मेथी, शेपू, कोथिंबीर, चुका. महिन्याभरात उपटून पेटी रिकामी होईल तेवढंच. हळद तर मी वर्षभर डोक्यात घेऊन बसले होते. हळदीला सावली चालते, आपल्या शेडची दमट हवा तिला मानवली असती, आणि बंद गिरणीत हळद पिकली म्हटल्यावर कुणीतरी आपल्याकडं वळून बघेल, असं मला वाटत होतं. शेडच्या फरशीत मशिनांखाली हवा जायचा तो लांबच लांब चर आहे, तो मी उन्हाळ्यात थोडा थोडा करून धुळीच्या खोलीतल्या खतानं भरून घेतला होता. ओळखीतून बेणं आणलं. ज्येष्ठातली सकाळ होती. तुम्ही पोत्यात हात घालून बेणं बघितलंत आणि म्हणालात, "ही नको बाई. लई लांबची हाय."

मी कारण विचारलं. तुम्ही दिलं नाहीत. पुन्हा विचारलं. तुम्ही म्हणालात, लावायचीच असंल तर पेटीत लावा, चरात नको. मी म्हटलं, पेटीत तिला पोसायला जागा तरी पुरेल का. तुम्ही म्हणालात, मग ऱ्हाऊ द्या, मेथी टाकू. आणि माझा तोल गेला. सुगंधा आणि रजियाभाभी दोघी समोर होत्या.

"अप्पा, तुम्हाला नऊ महिने जगायची खात्री वाटत नाही, म्हणून आम्हीही लावायचं नाही का?" असं मी म्हणाले.

रजियाभाभीनं हातातली पाटी खाली ठेवली. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. रागानं बघितलं असतंत तर बरं झालं असतं.

"व्हय अव्वा, तसंच समजा," म्हणालात, आणि पंपाकडं गेलात.

मी हळद लावली. त्याच दिवशी, एकटीनं, तणतणत, चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि मग एकोणीस दिवस तिकडं फिरकले नाही. शाळा सुरू झाली म्हणून जमत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे माफी मागायची तर आधी काय बोलले ते पुन्हा तोंडावर आणावं लागलं असतं. ते मला होईना. उद्या जाईन, उद्या जाईन, असं करत राहिले. विसाव्या दिवशी सकाळी शाळेत प्रार्थना चालू असताना रजियाभाभीचा फोन आला. ती माझ्याशी कायम मराठी बोलते, पण त्या दिवशी नाही. "बाई, अप्पा उठतेच नै. पंप के पास बैठे सो बैठेच हैं."

तुमच्यात माणसाला बसवून समाधी देतात, हे मला ठाऊक होतं, पण मी कधी बघितलं नव्हतं. घरच्यांनी तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, आणि लोक समोरून येऊन पाया पडत होते. तुम्ही गेटवर बसायचात तसेच बसला होतात, फक्त मान जरा जास्त ताठ. मी पुढं झाले. आता तरी बोल, असं स्वतःला म्हटलं. ओठ हलवून बघितले. माझ्यामागं माणसं थांबली होती. कुणीतरी हळूच म्हणालं, सरका पुढं बाई. मी सरकले.

चौथ्या दिवशी तुमची लेक महादेवी शेडवर तुमची पिशवी घेऊन आली. किल्ल्यांचा जुडगा, चष्मा, आणि प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला एक कागद. तो धाराशिवच्या कार्यालयाचा होता. सगळ्या शेड पाडायच्या आहेत, जागेचे प्लॉट पडणार आहेत, ऑगस्टअखेर जागा मोकळी करून द्यावी. गेटवरचं टपाल तुम्हीच घ्यायचात, त्यामुळं पोहोचल्याची सही तुमची. तारीख पाडव्यानंतरच्या आठवड्यातली.

मी तो कागद चारदा वाचला आणि मग मला हळदीच्या आधीचे सगळे महिने दिसायला लागले. अळू नको, आलं नको, महिन्याभराचंच टाका. पेटीत लावा, चरात नको. तुम्ही पहिल्या खात्यात कापूस घालणं बंद केलं होतंत, अप्पा. कुलूप लागायच्या दिवशी आत अर्धं काही राहू नये म्हणून तुम्ही सगळी शेड हळूहळू रिकामी करत आणली होतीत. आणि मी तिच्या बरोबर मधोमध नऊ महिन्यांचं पीक जमिनीत गाडून ठेवलं, तुमच्याच डोळ्यांसमोर.

मला तुमचा फार राग आला. अजूनही आहे. गिरणीच्या वेळी आधी कुणी सांगितलं नाही, हे दुःख तुम्ही जन्मभर उराशी धरलंत, मग आम्हाला का नाही सांगितलंत? मला सांगितलं असतंत तर मी ते वाक्य बोलले नसते. मी मोर्चा काढला असता, चार माणसं गोळा केली असती, आरडाओरडा केला असता. कदाचित म्हणूनच सांगितलं नाहीत. का तुम्हाला वाटत होतं की तुम्ही एकट्यानं ते परतवाल? महादेवी सांगत होती, उन्हाळ्यापासून तुम्ही दोनदा पांढरा सदरा घालून एस.टी.नं धाराशिवला गेला होतात, डोळे तपासायला म्हणून. पहिल्या वेळचं मला आठवतं. मी विचारलंही होतं, काय म्हणाले डॉक्टर. तुम्ही म्हणालात, दिसतंय तेवढं बास झालं म्हणाले. मी हसले होते.

गेल्या आठवड्यात मीही त्या कार्यालयात जाऊन आले. साहेब तरुण आहेत, वागायला नम्र. मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. फाइल काढली, तर आपल्याला दिलेल्या परवानगीची प्रत तिच्यात नव्हती. मी माझी दाखवली. त्यांनी ती नीट वाचली आणि त्याच दोन शब्दांवर बोट ठेवलं. मी चार वर्षांचं सगळं सांगितलं, मेथीचे फोटो दाखवले. त्यांना ते मनापासून आवडले, घरी बायकोला दाखवायला एक मागूनसुद्धा घेतला. पण निर्णय वरचा आहे, म्हणाले, माझ्या हातात काही नाही. मग म्हणाले, याआधी तुमच्याकडचे एक आजोबा येऊन गेले. पहिल्यांदा आले ते शेड वाचवा म्हणायला. दुसऱ्यांदा, आता महिन्याभरापूर्वी, त्यांनी शेडचं नावच काढलं नाही. एवढंच विचारलं की होळीपर्यंत मुदत मिळंल का, एक पीक जमिनीत हाय.

तुम्ही काय उत्तर दिलंत त्यांना, मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, नाही म्हटलं हो, दुसरं काय म्हणणार. आजोबा बरं म्हणाले, हात जोडले आणि गेले.

म्हणजे मी घरात रुसून बसले होते त्या एकोणीस दिवसांतच तुम्ही माझ्या हळदीसाठी मुदत मागायला गेला होतात. परतताना मी एस.टी.त खिडकीशी बसले होते आणि शेजारच्या बाईनं, कोण गेलं तुमचं, असं विचारलं. मला नातं सांगता आलं नाही. गावी उतरल्यावर तशीच शेडवर गेले आणि सुगंधाला विचारलं, मी येत नव्हते तेव्हा चराला पाणी कोण देत होतं. ती म्हणाली, "अप्पाच की. पयलं पानी तिलाच. कोंब बी दिसत नव्हता तवा, नुसत्या मातीला देत हुते."

आता कोंब आलेत. तुम्ही गेलात त्या आठवड्यात पहिला दिसला, आणि आता सगळ्या चरात वीतभर हिरवी पानं उभी आहेत. इतकी चांगली हळद माझ्या हातून पुन्हा लागणार नाही. जाणत्या दोघा-तिघांना विचारलं, उपटून दुसरीकडं लावली तर? अर्धी जगली तरी नशीब समजा, म्हणाले. आणि दुसरीकडं म्हणजे कुठं लावू? हा उजेड कुठून आणू, ही हवा कोण बसवून देणार? चार वर्षं मी वाद घालत राहिले आणि शिकायचं ते शिकले नाही. तुम्ही मला किती दिलंत ते मोजायला बसले की त्यातलं निम्मं मी घेतलंच नाही असं ध्यानात येतं. आभार मानायचे तर ते कुठल्या तोंडानं मानू, हेही मला कळत नाही.

दोघींना सांगायचं टाळत होते. दोन दिवस सकाळी ठरवून जायचे आणि दुसरंच काहीतरी बोलून परत यायचे. तेव्हा तुम्हीही असेच येत-जात असणार, एवढं मला कळलं. काल सकाळी मात्र सांगून टाकलं. कागद वाचून दाखवला, तारीख सांगितली, साहेब काय म्हणाले ते सांगितलं. तुम्ही दोनदा गेला होतात तेही सांगितलं. रजियाभाभी पाटी घेऊन मेथी उपटायला गेली, आणि नेहमी जुड्या बांधताना तिची जी बडबड चालते ती काल चालली नाही.

सुगंधानं पंप आधीच सुरू केला होता, या वेळी बरोबर. पाइप घेऊन ती चराच्या तोंडाशी उभी होती. माझं बोलून झाल्यावर ती हळदीकडं बघत म्हणाली, "मग हिला आज पानी द्यायचं का न्हाय, बाई?"

अप्पा, बत्तीस वर्षं मी वर्गात उभी राहते आहे. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं की उद्या सांगते म्हणायचं, एवढं मला जमतं. काल तेही म्हणता आलं नाही. पाइपातलं पाणी चरात न जाता तिच्या पायांवर पडत राहिलं.